मूग गिळून बसलेला सिंथ

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकतं. धुळीने माखलेला, दोन पट्ट्या गायब असलेला एक जुना कीबोर्ड. खाली कॅप्शन : ‘गावच्या माळ्यावर सापडला. काकांनी ऐंशीच्या दशकात आणलेला. व्हिंटेज सिंथ आहे म्हणे! किती येतील?’ बस्स, पाच मिनिटांत सगळे एक्स्पर्ट. एक म्हणतो, पन्नास हजार. दुसरा म्हणतो, पाच लाख, मी रील बघितलंय. तिसरा परदेशातल्या जाहिरातीची लिंक टाकतो आणि तिथला डॉलरमधला आकडा बघून अर्ध्या ग्रुपला आपलं होम लोन आठवतं. एखादा प्रॅक्टिकल माणूस असतोच. तो लिहितो, ‘भंगारवाल्याला दे, किलोवर घेईल.’

यातलं खरं काय? सांगते. पण ग्रुपवर जो प्रश्न कुणीच विचारला नाही, तो आधी विचारू या. हा दुरुस्त होईल का? जुन्या सिंथेसायझरच्या बाबतीत ‘किती येतील’चं अर्धंअधिक उत्तर तिथेच दडलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, मुंबई-पुण्याचं ठीक आहे, पण गावच्या माळ्यावर सिंथेसायझर कुठून येणार? अहो, येतो! महाड-पोलादपूरचंच उदाहरण घ्या. या पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या नोकरीसाठी मुंबईला आली, पुढे कुणी आखातात गेलं. गावी जाताना त्यांच्याबरोबर टू-इन-वन गेला, व्हीसीआर गेला आणि घरात कुणी भजनाला पेटी वाजवणारं असेल तर कीबोर्डही गेला. हळदीला बँजो पार्टीबरोबर वाजला, गणपतीत आरतीनंतर वाजला. मग एक दिवस आवाज करेनासा झाला आणि माळ्यावर चढला. तिथे तो अजून मूग गिळून बसलाय.

आधी फंडा क्लिअर करू

‘मूग’ हा शब्द मुद्दाम वापरलाय बरं का. ॲनालॉग सिंथेसायझरच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं नाव मूगच, अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांचं. (ते स्वतः आडनावाचा उच्चार ‘मोग’ असा करायचे, पण आपल्याकडे मूगच रुजलाय.) त्यांच्या कंपनीचा मिनीमूग १९७० साली आला. त्याआधीचे सिंथ म्हणजे कपाटाएवढी धुडं आणि वायरींचं जंजाळ. मिनीमूग मात्र गाडीत टाकून रेकॉर्डिंगला नेता यायचा.

आत काय असतं? ढोबळमानाने तीन कामं. पहिलं सर्किट विजेची लहर तयार करतं. ती सेकंदाला ४४० वेळा हलली की पियानोवरचा मधला ‘ए’ मिळतो. दुसरं सर्किट म्हणजे फिल्टर. तोंडाने ‘ऊ’ म्हणायला लागा आणि हळूहळू ‘आ’पर्यंत या. आवाज उजळत गेला ना? फिल्टर तेच करतो. तिसरं सर्किट आवाज केव्हा वाढवायचा, केव्हा विझवायचा ते ठरवतं. पखवाजाच्या थापेसारखा एकदम की बासरीच्या फुंकेसारखा सावकाश, ते इथे ठरतं. ही तिन्ही कामं प्रत्यक्ष विजेच्या दाबाने होतात, म्हणून हा ॲनालॉग. हेच काम आकडेमोडीने झालं की तो डिजिटल.

आता वीज म्हटली की तापणं आलं. जुन्या ॲनालॉगचा सूर उष्णतेने सरकतो. म्हणून वाजवण्याआधी तो पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा आणि तानपुरा जुळवतात तसा जुळवून घ्यायचा. हा त्याचा दोष आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांच्या मते हीच त्याची खरी मजा.

मुंबईत हे कधीच येऊन गेलंय

सिंथ म्हणजे गोऱ्यांचे चोचले असं वाटत असेल तर थांबा. ‘आराधना’मधलं (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’ आठवा. त्यातला ॲकॉर्डियन वाजवणारे केरसी लॉर्ड. त्यांनीच सत्तरच्या दशकात मिनीमूग मुंबईच्या फिल्मी रेकॉर्डिंगमध्ये आणला. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुर्जोर लॉर्ड हेही वादकच. अख्खं घरच स्टुडिओत! केरसी २०१६ साली गेले.

दुसरं नाव चरणजीत सिंग. आर. डी. बर्मन यांच्यासाठी गिटार आणि बेस वाजवणारा हा माणूस. १९८२ साली त्यांची एक एलपी एचएमव्हीने काढली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग आणि त्यांना साथ डिस्कोच्या ठेक्याची. मशिनं तीन, तिन्ही जपानच्या रोलंड कंपनीची. सुरावटीला ज्युपिटर-८, बेसला टीबी-३०३ आणि ठेक्याला टीआर-८०८. पेटीवर मींड निघत नाही ही आपली जुनीच तक्रार. इथे मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारं यंत्र हाताशी होतं आणि वाजवणाऱ्याला राग ठाऊक होते.

रेकॉर्ड चालली का? छे! लोकांनी ढुंकूनही बघितलं नाही. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, ती दिल्लीच्या एका दुकानात एका डच संग्राहकाच्या हाताला लागली आणि २०१० मध्ये नव्याने निघाली. तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या संगीतवाल्यांचे डोळे विस्फारले. कारण ज्याला ‘ॲसिड हाऊस’ म्हणतात, तो आवाज शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपने ‘ॲसिड ट्रॅक्स’मधून जगापुढे आणला १९८७ साली. आणि जवळपास तसलाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधीच रेकॉर्ड होऊन पडलेला! चरणजीत सिंग यांना उतारवयात परदेशातल्या स्टेजवर हीच रेकॉर्ड वाजवायची संधी मिळाली. २०१५ मध्ये ते मुंबईत गेले.

भंगार ते सोनं

या गोष्टीतली टीबी-३०३ नीट बघा, कारण किमतीचा सगळा खेळ तिच्यात आहे. १९८१ मध्ये ती ३९५ डॉलरना बाजारात आली. कल्पना अशी की एकट्या गिटारवाल्याला घरी सरावाला बेस मिळावा. पण ती बेसगिटारसारखी वाजेचना. तीन वर्षांत उत्पादन बंद. साधारण दहा हजार मशिनं बनली आणि पुढे सेकंड हँड दुकानांत मिळेल त्या भावाला गेली. तिथूनच ती शिकागोच्या पोरांच्या हाती पडली. आज तीच हजारो डॉलरना जाते.

टीआर-८०८ची कथा आणखी भारी. तिच्यातला तो सळसळणारा आवाज ज्या ट्रान्झिस्टरमुळे यायचा, तो मुळात सदोष माल होता. रोलंडने तो निवडून घेतला होता. पुढे सेमीकंडक्टरचे कारखाने सुधारले, सदोष माल मिळेना आणि १९८३ मध्ये ८०८ बंद झाली. जेमतेम बारा हजार बनल्या होत्या.

त्याच १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. डिजिटल, सूर पक्का, वजनाला आटोपशीर. दोन लाखांच्या आसपास खपला. स्टुडिओवाल्यांनी ॲनालॉग अक्षरशः काढून टाकले. म्हणजे आज ज्याला ‘व्हिंटेज’ म्हणून कुरवाळतात, तो त्या काळी ‘आउटडेटेड’ म्हणून हाकलला गेला होता. शेअर बाजारवाल्यांना ही भाषा लगेच कळेल.

पण बॉस, नुसत्या टंचाईने भाव येत नाही. दुर्मीळ तर माझ्या आजोळचं जातंही आहे. ही मशिनं चाळीस वर्षांनी विकली जातात, कारण ती उघडता येतात. आत मोठे, डोळ्यांना दिसणारे पार्ट्स, पायांनिशी बोर्डात रोवलेले. कंपनीने मेकॅनिकसाठी सर्किटच्या आकृतीसकट सर्व्हिस मॅन्युअल छापलेलं. एक पार्ट गेला तर तो काढायचा, दुसरा बसवायचा, डाग द्यायचा. तुमचा तीन वर्षांचा मोबाइल असा उघडून दाखवा पाहू!

माळ्यावरून उतरवल्यावर

तर काकांचा कीबोर्ड खाली आलाय. पहिली हौस काय असते? पिन खुपसा आणि बटण दाबा. हेच करायचं नाही.

आधी मागची पट्टी वाचा. जपानच्या घरगुती बाजारातलं मशिन १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं १२० व्होल्टचं. आपल्या भिंतीत २३० व्होल्ट. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर ट्रान्सफॉर्मरच जाईल. अशा मशिनला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. शेकडो मैल प्रवास करून आलेली वस्तू एका पिनेपायी मारू नका.

मग बॅटरी. बऱ्याच सिंथमध्ये सेटिंग्ज लक्षात ठेवायला आत एक छोटी बॅटरी असते. कॉर्गचा पॉलीसिक्स (१९८१) या बाबतीत बदनाम आहे. त्याच्यातली बॅटरी वर्षानुवर्षं पडून फुटते, तिचं पाणी बोर्डावर उतरतं आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. बाहेरून चकाचक, आतून पोखरलेला! हिरवट-पांढरा थर दिसला की ओळखायचं. माहीतगार मेकॅनिक तो व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने निष्प्रभ करतो, मग बोर्ड स्वच्छ करून तुटलेल्या रेषा तारेने जोडतो. वेळेवर बॅटरी काढली असती तर हे काहीच लागलं नसतं.

तिसरं दुखणं कपॅसिटरचं. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाप्रमाणे सुकतात. मग आवाजामागे घूंऽऽ अशी गुणगुण येते किंवा मशिन उठतच नाही. पार्ट काही रुपयांचा असतो, पैसे लागतात ते हाताला आणि अनुभवाला. आणि हो, पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. म्हणून पॉवर सप्लायला आपण हात लावायचा नाही. तिथे हिरोगिरी नको.

चौथं, बटण फिरवताना करकर. बहुतेक वेळा आत धूळ असते. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवलं की पुष्कळदा आवाज सुधारतो. बिजागरीला मारतात तो स्प्रे इथे नको, तो मागे चिकटा ठेवतो. एखादी पट्टी मुकी असेल तर खालचे रबराचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसायचे.

खरी पंचाईत चिपची. रोलंडचा जुनो-१०६ (१९८४) घ्या. त्याच्या सहा आवाजांसाठी सहा खास चिप, काळ्या आवरणात गच्च बंद केलेल्या. हे आवरणच काही वर्षांनी चिपचा घात करतं आणि आवाज एकेक करून गळायला लागतात. काही कारागीर ते आवरण ॲसिटोनमध्ये विरघळवून चिप वाचवतात, काही जण नव्याने बनवलेली बदली चिप बसवतात. काही चिपच्या बाबतीत तर नशीबच पालटलं. प्रॉफेट-५सारख्या नामांकित सिंथमध्ये वापरलेली कर्टिस ३३४० ही चिप २०१६ मध्ये परत बनू लागली. म्हणजे एक चिप बाजारात परतली आणि जगभरातले किती तरी मुके सिंथ दुरुस्तीच्या टप्प्यात आले!

पार्ट्ससाठी आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. महाडवाल्यांना मुंबई-गोवा हायवे आहेच, पावसाळा सोडून वरंध घाटही आहे.

पाणी ओसरल्यावर

महाडचं नाव घेतलं आणि पुराबद्दल बोललो नाही असं कसं चालेल? २२ जुलै २०२१. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत, दुकानांत, तळमजल्यांत शिरलं. त्याच दिवशी तळियेला दरड कोसळली. तेव्हा माणसं शोधायची होती, वाद्यांचा विचार कोण करणार आणि का करावा? पण पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला जे ढीग लागतात, त्यांत फ्रिज-टीव्हीबरोबर पेट्या, ॲम्प्लिफायर आणि कीबोर्डही जातात. ‘पाण्यात गेला म्हणजे गेला’ असं धरूनच चालतात सगळे.

नेहमी तसं नसतं. जुन्या बोर्डाला नुसत्या पाण्याने तितकं मरण नाही. मरण आहे ते ओला असताना दिलेल्या विजेत आणि सुकून बसलेल्या गाळात. त्यामुळे चिखलातून निघालेलं कुठलंही विजेचं वाद्य ‘बघू चालतंय का’ म्हणून लावून बघायचं नाही. बॅटरी लगेच काढायची. उघडून गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी काढायचं आणि सावलीत, वाऱ्यावर दिवसच्या दिवस सुकवायचं. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही आणि कडक उन्हात प्लॅस्टिक वाकतं. ट्रान्सफॉर्मर, कागदी स्पीकर, फुगलेलं लाकूड हे बहुधा बदलावं लागतं. बाकीचं काय वाचलं ते मेकॅनिक सांगेल. मुंबईहून मदतीला गावी जाणाऱ्यांनी बिस्किटांच्या खोक्यांबरोबर एवढी माहितीही न्यावी. भजनी मंडळाचा एक कीबोर्ड वाचला तर वर्गणीचा एक आकडा वाचतो.

आता आकड्याचं बोला

बरं, किती येतील? चार प्रश्नांची उत्तरं काढा.

एक, मॉडेल कोणतं? इथे थोडा हिरमोड करते. घरोघरी आलेले बहुतेक कीबोर्ड हे अंगचे स्पीकर आणि तयार ठेके असलेले घरगुती डिजिटल कीबोर्ड आहेत. लाखांनी बनले, लाखांनी खपले. जुने आहेत, पण दुर्मीळ नाहीत. कॅसिओच्या सीझेड-१०१ किंवा एसके-१ सारख्या काही छोट्यांना चाहते आहेत, पण त्यांचीही गणती ज्युपिटर-८च्या पंगतीत होत नाही. त्या पंगतीतला आकडा डॉलरमध्ये पाच अंकी असतो. तेव्हा आधी नाव आणि नंबर वाचा, मग स्वप्न बघा.

दोन, पूर्ण चालतो का? ‘लाइट लागते’ म्हणजे चालतो असं नाही. प्रत्येक पट्टी, प्रत्येक बटण, प्रत्येक आवाज. बंद मशिन विकताना भावातून फक्त दुरुस्तीचा खर्च वजा होत नाही, आत अजून काय निघेल या भीतीचेही पैसे कापले जातात. म्हणून चांगल्या मॉडेलच्या बाबतीत आधी दुरुस्ती, मग विक्री.

तीन, मूळ वस्तू किती शिल्लक आहे? हौसेने मारलेली भोकं, बदललेल्या पट्ट्या, खोडलेला सीरियल नंबर, सगळ्याने भाव पडतो. दुरुस्तीची पावती, काढलेले जुने पार्ट्स, छापील मॅन्युअल जपून ठेवा. हीच त्याची कुंडली.

चार, खरा भाव कुठला? जाहिरातीत मागितलेला नव्हे, प्रत्यक्ष सौदा झालेला. मागायला काय, कुणी चंद्रही मागेल! आणि सध्या नक्कलही स्वस्तात मिळते हे ध्यानात घ्या. बेरिंजर कंपनीने २०१८ मध्ये मिनीमूगच्या धर्तीचं मॉडेल ३०० डॉलरच्या आसपास आणलं. ज्याला फक्त आवाज हवा आहे तो तिकडे जाईल. तुमच्याकडे येणाऱ्याला ती वस्तूच हवी असते आणि ती चालू हवी असते.

या चार उत्तरांनंतर काकांचा कीबोर्ड दोन-चार हजारांचा निघाला तर नाराज होऊ नका. विकायच्या भावात तो हरला असेल, पण वाजायच्या भावात अजून जिवंत असू शकतो. कपॅसिटर, रबराची पट्टी, एका दुपारची मजुरी, एवढ्यावर तो पुन्हा आरतीला साथ करेल आणि गल्लीतल्या एखाद्या पोराला पहिल्यांदा दोन्ही हातांनी वाजवायला मिळेल. नवा कीबोर्ड घेणं त्या पोराच्या घरी जमेलच असं नाही.

फक्त एक घाई आहे. ही मशिनं जितकी म्हातारी होतायत, तितकेच ती उघडणारे हातही. सर्किटची आकृती वाचून दोष शोधणारा, रेडिओ-ॲम्प्लिफायरवर हात बसलेला कारागीर आता तालुक्याच्या गावी सहज सापडत नाही. त्याच्या दुकानात मोबाइलचे कव्हर लागलेत. तो अजून दुकानात बसतोय तोवर वस्तू त्याच्याकडे गेली पाहिजे, आणि जमलं तर त्याच्या शेजारी एखादा शिकाऊ मुलगाही बसला पाहिजे.

तेव्हा गणपतीला गावी जाल तेव्हा माळ्यावर एकदा टॉर्च मारा. मॉडेल नंबरचा फोटो काढा, बॅटरी काढून घ्या आणि ग्रुपवर ‘किती येतील’ विचारण्याआधी मेकॅनिकला ‘किती लागतील’ ते विचारा. पिन मात्र लावू नका, प्लीज!